पुन्हा सायकलवर बसताना: चाळिशीपुढच्या रोड सायकलस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजात सायकल चालवली, मग नोकरी, संसार, स्कूटर, गाडी. आता पोट सुटलंय किंवा रक्ततपासणीचा कागद हातात आलाय, आणि पुन्हा सायकल घ्यावीशी वाटते. अशा मंडळींकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक पुण्याच्या आसपासचे, म्हणून उदाहरणंही इथल्या घाटांची. चढ, गुडघे, वजन या तिन्हीबद्दलचे प्रश्न शेवटी गिअरपाशी येऊन थांबतात, तेव्हा वेळ कमी असेल तर आधी प्रश्न ६ आणि ७ वाचा.

१. माझं वय ४८. शेवटची सायकल कॉलेजात चालवली होती. आता जमेल का?

जमेल. तोल शरीर विसरत नाही, दम मात्र विसरतं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच सुधारायला लागतात, स्नायू त्यांच्यामागून येतात, कंडरा आणि सांध्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्यामुळे महिना-दीड महिन्याच्या सुमारास एक फसवा टप्पा येतो. दम पुरायला लागलेला असतो, उत्साह वाढलेला असतो, माणूस एकदम अंतर दुप्पट करतो आणि गुडघा धरून बसतो. त्या टप्प्यावर हात आखडता घेतला की पुढचा रस्ता बराच सोपा होतो.

आणखी एक. विशीत तुम्ही किती वेळात कुठे पोचत होतात, हे बाजूला ठेवा. मोजायचंच असेल तर गेल्या महिन्यातल्या स्वतःशी मोजा.

२. सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवायलाच हवं का?

चाळिशी ओलांडलेली असेल आणि त्यासोबत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू किंवा घरात कमी वयात आलेला हृदयविकार यांपैकी काहीही असेल, तर हो. सपाट रस्त्यावर हळू चालवायला कुणी अडवणार नाही, पण पहिल्याच महिन्यात घाट गाठायचा विचार असेल तर तपासणी आधी करून घ्या.

चालवताना छातीत दडपण, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, एरवीपेक्षा वेगळाच दम किंवा भोवळ आली तर तिथेच थांबा आणि थेट दवाखाना गाठा. 'पित्त झालं असेल' म्हणून पुढे जाऊ नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर प्रश्न १७, मधुमेह असेल तर प्रश्न १८ पाहा.

३. रोड सायकल घेऊ, हायब्रिड घेऊ की जाड टायरची एमटीबी?

डांबरी रस्त्यावर तासाभरापेक्षा जास्त चालवायची असेल तर एमटीबी नको. शॉक-अब्सॉर्बर आणि जाड नक्षीचे टायर बघायला दणकट वाटतात, पण डांबरावर तुमची ताकद खातात. हायब्रिडचं हँडल सरळ असतं, पाठ उभी राहते, शहरातल्या गर्दीत मान वळवून बघणं सोपं जातं. कंबर किंवा मान आधीच कुरकुरत असेल तर हायब्रिड हा चांगला पर्याय आहे.

रोड सायकलचं खाली वळलेलं हँडल पाहून लोक घाबरतात. खरं तर त्याचा फायदा असा की हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात, आणि दोन-तीन तासांच्या राइडमध्ये त्याची किंमत कळते. रोड सायकलमध्येही 'एन्ड्युरन्स' प्रकारची पाहा. तिचं हँडल थोडं उंच आणि जवळ असतं, टायरला २८ ते ३२ मिलिमीटरपर्यंत जागा असते. शर्यतीची सायकल दुकानात देखणी दिसते, पण सुटलेल्या पोटाने तिच्यावर वाकता येत नाही.

४. बजेट मर्यादित आहे. पैसे कशावर घालू आणि कशावर नको?

माझा क्रम असा: बरोबर मापाची फ्रेम, मग सोपे गिअर, मग चांगले टायर, मग पॅड असलेली शॉर्ट. कार्बन फ्रेम, हलकी चाकं, वीस आकडे दाखवणारा सायकल कॉम्प्युटर या सगळ्याला वर्षभर तरी हात लावू नका. दोन किलोने हलकी सायकल घ्यायला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात अख्खी दुसरी सायकल येते.

शिमानोच्या रोड मालिकांत नेहमी कानावर येणारी नावं म्हणजे क्लॅरिस (मागे ८ गिअर), सोरा (९), टियाग्रा (१०) आणि १०५ (११ किंवा १२). फिटनेससाठी चालवणाऱ्याला क्लॅरिस किंवा सोरा पुरतं. त्यांचे सुटे भाग स्वस्त मिळतात, चेन जास्त दिवस टिकते आणि गल्लीतला जाणता मेकॅनिकही ते जुळवू शकतो.

सेकंडहँड घेत असाल तर चेनची झीज स्टीलच्या पट्टीने मोजा. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो एक षोडशांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायला झाली. एक अष्टमांश गेला असेल तर मागच्या चकत्याही बहुधा गेल्या आहेत, तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या. फ्रेमवर वेल्डिंगच्या जागी केसासारखी रेघ दिसली तर ती सायकल कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

५. सायकलचं माप कसं ठरवू? सीटची उंची किती?

मापाचे तक्ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून फक्त उंचीवर जाऊ नका. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, एक जाडजूड पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर दाबा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ही तुमच्या पायाची आतली लांबी. तिला ०.८८३ ने गुणलं की पेडलचे दोन्ही दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची साधारण उंची मिळते. लांबी ८० सेंटिमीटर असेल तर सीट साधारण ७०.६ वर. ही सुरुवात आहे, पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे पुढे करावं लागतंच.

आकडेमोड नको असेल तर: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला झुकायला नको. प्रत्यक्ष चालवताना पायाचा चवडा पेडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो.

लहानपणच्या सवयीने बरेच जण सीट इतकी खाली ठेवतात की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतात. सिग्नलला ते बरं वाटतं, गुडघ्याला मात्र त्याचा त्रास होतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायची सवय लावून घ्या.

६. ५०/३४, ११-३२ या आकड्यांचा अर्थ काय? दुकानदार सांगतो, मला कळत नाही.

पहिली जोडी पेडलजवळच्या दोन चकत्यांच्या दात्यांची: मोठी ५०, लहान ३४. दुसरी मागच्या चाकावरच्या चकत्यांची, म्हणजे कॅसेटची: सगळ्यात लहान ११ दात्यांची, सगळ्यात मोठी ३२ ची. पुढचे दाते भागिले मागचे दाते केलं की पेडलच्या एका फेऱ्यात चाक किती वेळा फिरतं ते कळतं. आपल्या जुन्या काळ्या सायकलींवर हा भागाकार अडीचच्या आसपास असायचा, आणि तेवढ्यावर लोक गावं पालथी घालायचे. चढ आला की उतरून ढकलायचे.

आता घाटाचा हिशोब करू. माणूस ७५ किलोचा, सायकल १० ची, चढ आठ टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. पाय मिनिटाला ६० फेरे मारतायत. पुढे ३४, मागे २८ असेल तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या थोडा वर जातो आणि त्यासाठी साधारण १८० वॉट लागतात. पुढे ३४, मागे ३४ असेल तर त्याच फेऱ्यांना वेग साडेसातवर येतो आणि काम दीडशे वॉटच्या आसपास भागतं. नियमित चालवणाऱ्याला या ३० वॉटचं फारसं वाटत नाही. वीस वर्षांनी परत येणाऱ्याचं सगळं या तीसवर ठरतं: एक सायकल घाटमाथ्यावर पोचवते, दुसरी तिसऱ्या वळणावर पाय टेकायला लावते.

म्हणून विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न 'टॉप स्पीड किती?' हा नको. '५०/३४ आणि मागे ३२ किंवा ३४ आहे का?' हे विचारा. ५०/११ वर मिनिटाला ९० फेरे मारले तर वेग पन्नाशी ओलांडतो, आणि तो तुम्हाला उताराखेरीज कधीच लागणार नाही. ५३/३९ ही जोडी शर्यतवाल्यांसाठी सोडा.

आधीच घेतलेल्या सायकलवर मागे २८ असेल तर कॅसेट बदलता येते, फक्त मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला) झेपणार का ते आधी पाहा. उदाहरणार्थ शिमानो १०५ च्या आर ७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३० दात्यांपर्यंत जातो, लांब पिंजऱ्याचा ३४ पर्यंत. चेनही बहुतेक वेळा लांब लागते.

७. घाटात कोणता गिअर टाकायचा? सोपा गिअर टाकला की मागचे लोक हसतात असं वाटतं.

सगळ्यात सोपा टाका, आणि गरज पडायच्या आधी टाका. जुन्या कात्रज घाटाच्या पायथ्याशी कुठल्याही रविवारी पाहा. बरेच जण पुढे मोठ्या चकतीवरच चढाला लागतात, पाय जड झाल्यावर भर जोरात गिअर बदलतात, चेन कडकड करत दोन चकत्यांच्या मध्ये अडकते आणि माणूस जागच्या जागी उतरतो. पायथ्याची सपाटी संपायच्या आत पुढची लहान चकती घ्या. बदलताना पेडल फिरत राहू द्या, पण अर्ध्या फेऱ्यापुरता जोर काढून घ्या. चेन गुपचूप खाली उतरते. मग मागे एकेक मोठी चकती घेत चला.

सपाट रस्त्यावर मिनिटाला ८० ते ९० फेरे आणि चढावर ६० ते ७५ हा चांगला अंदाज आहे. मोजायला यंत्र नको: पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजून चारने गुणा. फेरे पन्नासच्या खाली गेले की सगळा भार मांड्यांवर आणि गुडघ्याच्या वाटीवर येतो. जड गिअर रेटल्याने 'ताकद येते' ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. परत येणाऱ्या माणसाची ती फक्त गुडघेदुखी वाढवते. सोपा गिअर टाकून गप्पा मारत वर जाणारा सायकलस्वार मला नेहमी जास्त जाणता वाटतो.

क्रमही सांगून ठेवतो: आधी कात्रजचा जुना घाट, मग दिवे घाट, मग बोपदेव. सिंहगडाचा गडावर जाणारा रस्ता आणि लवासाच्या वाटेवरचा टेमघरचा चढ हे नंतरचे. तिथे मागे ३४ असूनही धाप लागते.

८. मोठी चकती पुढे आणि मोठीच चकती मागे, असं चालवलं तर काय बिघडतं?

चेन तिरकी ताणली जाते, घासते, लवकर झिजते. लहान-लहानचंही तेच. पुढे मोठी असेल तेव्हा मागच्या मोठ्या एक-दोन चकत्या टाळा, पुढे लहान असेल तेव्हा मागच्या लहान दोन टाळा. चुकून चार पेडलं तशी मारली तर काही होत नाही.

९. पहिले दोन महिने नेमकं कसं चालवू? रोज की आठवड्यातून तीनदा?

आठवड्यातून तीन ते चार वेळा, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. पहिले दोन आठवडे ३० ते ४० मिनिटं, सपाट रस्ता, अशा वेगाने की अख्खं वाक्य न तुटता बोलता यायला हवं. बोलता बोलता दम लागला तर वेग कमी करा. ही कसोटी कुठल्याही घड्याळापेक्षा विश्वासाची आहे. मग दर आठवड्याला एकच राइड दहा-पंधरा मिनिटांनी वाढवा, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी चालवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तुम्ही त्यात सहज बसता.

चढ आणि वेगाचे तुकडे सहाव्या आठवड्यानंतर, आठवड्यातून एकदाच. राहिलेलं सगळं संथ ठेवा. संथ चालवायला धीर लागतो, विशेषतः कुणी टी-शर्टवाला पोरगा घंटी वाजवत पुढे जातो तेव्हा. जाऊ द्या त्याला.

आणि फक्त सायकल पुरत नाही. सायकलवर हाडांवर वजन येत नाही, आणि चाळिशीनंतर स्नायू तर घटतच असतात. आठवड्यातून दोनदा उठाबशा, जोर (न जमल्यास भिंतीला हात टेकून) आणि पायऱ्या चढणं यांना वीस मिनिटं द्या. पाळी थांबलेल्या बायकांनी तर हे अजिबात चुकवू नये.

१०. तीन महिने चालवतोय, वजन तसंच. काय चुकतंय?

हिशोब पाहा. तासभर सरासरी १२० वॉटने चालवलं तर साधारण ४३० कॅलरी खर्च होतात. आठवड्याला चार तास म्हणजे सतराशेच्या आसपास. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे खाणं जराही वाढलं नाही तर किलोभर उतरायला साडेचार आठवडे. आता रविवारची राइड संपल्यावर मिसळ, जादा पाव, वर गोड चहा असं झालं की त्या सकाळची वजाबाकी तिथेच भरून निघते. मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही, राइडनंतरच्या गप्पांसाठीच निम्मे लोक पहाटे उठतात. पण महिन्यातून एकदा मिसळ आणि बाकीच्या रविवारी घरी येऊन भाकरी-उसळ, एवढा बदल बहुतेकांना पुरतो.

वजनकाट्याच्या आधी पँटचा कंबरपट्टा, सकाळची विश्रांतीची नाडी आणि त्याच घाटात लागणारी धाप बदलते. त्या तिन्हींची नोंद ठेवा.

११. राइडला जाताना काय खाऊ-पिऊ?

तासाभराच्या राइडला पाणी पुरतं, सकाळी उपाशीपोटी गेलात तरी चालतं (मधुमेह असेल तर नाही, प्रश्न १८). दोन तासांच्या पुढे गेलं की दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. राजगिरा वडी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, गूळपोळीचा तुकडा हे सगळं जर्सीच्या खिशात मावतं. परदेशी जेलच्या पाकिटांची या अंतरांना गरज नाही.

भूक लागायची वाट पाहू नका, पाऊण तासाने पहिला घास घ्या. मार्च ते मे उन्हाचा चटका सकाळी आठपासूनच सुरू होतो. साडेपाचला निघा, नऊच्या आत परत या. घाम फार येत असेल तर एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस ठेवा. पाकिटावर एक लिटर लिहिलेलं असेल तर एक लिटरमध्येच कालवा, अर्ध्या बाटलीत घट्ट करून पिऊ नका. विदर्भात राहत असाल तर मे महिन्यात राइड छोटी करण्यात काहीच कमीपणा नाही.

१२. गुडघा दुखतो. सायकल सोडू का?

आधी कुठे दुखतं ते पाहा. समोर, वाटीच्या आसपास दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागे, लवेत दुखत असेल तर सीट जास्त वर असण्याची शक्यता. सीट तीन ते पाच मिलिमीटरच हलवा आणि दोन-तीन राइड थांबून पाहा. एकदम सेंटिमीटरभर हलवली तर नवंच काहीतरी दुखायला लागतं. बाजूला दुखत असेल तर पायाच्या कोनाकडे बघा, क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारे खटके) वापरत असाल तर आधी त्यांच्याकडे.

सूज, गुडघा अडकणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं यांपैकी काही असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. साध्या संधिवातात मात्र सोप्या गिअरवर, सपाट रस्त्यावर सायकल चालवायला बरेचदा डॉक्टरच सांगतात, कारण गुडघा हलतो आणि शरीराचं वजन सीटवर राहतं.

१३. बूड दुखतं, हाताची करंगळी बधिर होते. मऊ जेलची सीट घेऊ का?

जाड मऊ सीट पहिल्या वीस मिनिटांना बरी वाटते, मग मांस त्यात रुततं आणि नको तिथे दाब येतो. सीटची रुंदी बसण्याच्या दोन हाडांमधल्या अंतराला जुळायला हवी. स्त्रियांमध्ये हे अंतर सहसा जास्त असतं, म्हणून पुरुषांच्या सायकलसोबत आलेली सीट त्यांना बोचते. ती बदलून घेताना संकोच करू नका. पॅडची शॉर्ट आत अंतर्वस्त्र न घालता वापरायची असते. हे दुकानात कुणी सांगत नाही, आणि खरचटण्याचं निम्मं कारण तेच असतं.

करंगळी आणि अनामिका बधिर होणं म्हणजे तळहाताच्या बाहेरच्या बाजूची नस दाबली जातेय. दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला, कोपर थोडे वाकवा, सीटचं नाक खाली झुकलेलं नाही ना ते तपासा. नाक खाली असेल तर अख्खं अंग हातांवर घसरतं.

१४. बुटाला क्लीट लावू का?

पहिले सहा महिने नको. साधे सपाट तळव्याचे बूट आणि पकड असलेले पेडल पुरतात. पुढे लावायचेच झाले तर दोन बोल्टचे एसपीडी घ्या, त्यातून पाय सहज सुटतो आणि बूट घालून चहाच्या टपरीपर्यंत चालता येतं. आधी भिंतीला धरून पाय काढण्या-घालण्याची सवय करा, सिग्नलला प्रयोग नको.

१५. टायर किती रुंद? हवा किती? पेट्रोल पंपावर हवा का भरता येत नाही?

आपल्या रस्त्यांना २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद. ७५ किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय पुरते, पुढे मागच्यापेक्षा थोडी कमी. टायर दगडासारखा कडक केला की वेग वाढतो असं वाटतं, प्रत्यक्षात खडबडीत डांबरावर तो उसळतो आणि सगळे हादरे तुमच्या मनगटाला बसतात. एक अपवाद लक्षात ठेवा: रिमवर 'हुकलेस' लिहिलं असेल तर मर्यादा ७२.५ पीएसआय आहे, त्यावर जाऊ नका.

पंपाची नळी बसत नाही, कारण रोड सायकलचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असतो. टोपी काढा, टोकावरची इवलीशी चकती डावीकडे फिरवून सैल करा, बोटाने एकदा दाबा, 'फुस्स' आवाज आला की मोकळा झाला. मग पंप लावा, आणि भरून झाल्यावर चकती पुन्हा घट्ट करा. एक छोटा पितळी अडॅप्टर किटमध्ये ठेवलात तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. हवा दर आठवड्याला तपासा, बारीक टायरमधून ती लवकर उतरते.

सोबत एक-दोन ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप आणि अॅलन कीचा संच ठेवा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. घुसलेली तार किंवा काच तिथेच असते, ती काढली नाही तर नवी ट्यूबही पाचव्या मिनिटाला बसते.

१६. पाऊस, कुत्री, हायवे: सुरक्षिततेचं काय?

हेल्मेटचं सायकलस्वारांना कायद्याने बंधन नाही, तरी त्याशिवाय निघू नका. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी प्रमाणाची पट्टी आहे का पाहा. पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर यायला हवी. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, तिकडे वळू नका. पावसाळ्यात घाटाच्या उताराला ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नाही. रंगवलेले पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली असताना काचेसारखी निसरडी होतात. रिम-ब्रेक असतील तर ओल्यात ते पकडायला क्षणभर वेळ घेतात, तेवढं अंतर धरून चाला. घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे थेंब द्या. साधं रॉकेल साफसफाईला ठीक, वंगण म्हणून नाही.

पहाटेची भटकी कुत्री मागे लागली तर वेग वाढवून पळायचा मोह आवरा. वेग कमी करा, जोरात ओरडा. तरी अंगावर आलं तर उतरून सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. चावा किंवा ओरखडा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

१७. रक्तदाबाची गोळी घेतो. घड्याळात नाडी १२० च्या वर जातच नाही. घड्याळ बिघडलंय का?

गोळी बीटा-ब्लॉकर गटातली असेल (अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल वगैरे) तर ती नाडीचा वेग दाबून ठेवते. मग '२२० वजा वय' हा कमाल नाडीचा, तसाही ढोबळ असलेला हिशोब तुम्हाला अजिबात लागू नाही. तो आकडा गाठायच्या नादात जास्त जोर लावणं धोक्याचं आहे. बोलण्याची कसोटी (प्रश्न ९) वापरा. बरं वाटतंय म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. रक्तदाब खरंच उतरला असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतील.

१८. मधुमेह आहे. लांब राइड करता येईल का?

येईल, तयारीनिशी. केवळ मेटफॉर्मिनवर असाल तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर तो खरा धोका आहे. निघण्याआधी साखर मोजा, उपाशीपोटी निघू नका. मांडीत घेतलेलं इन्सुलिन पेडल मारताना लवकर शोषलं जातं, म्हणून टोचण्याची जागा आणि मात्रा याबद्दल राइडच्या आधी डॉक्टरांशी बोला.

हात थरथरणं, गार घाम, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं दिसली तर थांबून १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. सोबतच्या एकाला तरी हे माहीत असू द्या आणि ग्लुकोजचं पाकीट कुठल्या खिशात आहे तेही सांगून ठेवा. साखर संध्याकाळी किंवा रात्रीही खाली येऊ शकते. पायांना बधिरपणा असेल तर घट्ट बूट टाळा, परत आल्यावर तळवे बघा.

१९. २०० किलोमीटरची बीआरएम कधी करता येईल?

बीआरएमला शर्यत समजू नका, ती लांब पल्ल्याची राइड असते, ठरलेल्या वेळेत अंतर पार करायचं: २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. २०० साठी थांबे धरून सरासरी पंधराच्या आत वेग पुरतो. वर्षभर नियमित चालवलं असेल, शंभर किलोमीटर दोन-तीनदा आरामात झाले असतील आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत असेल, तर नाव नोंदवा. दिवे आणि चमकणारं जाकीट ऐनवेळी शोधू नका.

महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची परंपरा चांगली उभी राहिली आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आरपार करायची सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पार केली. तिघेही डॉक्टर.

२०. डेंग्यू झाला होता, दीड महिना सायकल बंद. होतो तिथून सुरू करू का?

नको. ताप गेल्यानंतरही थकवा काही आठवडे रेंगाळतो. डॉक्टरांनी रक्ततपासणी ठीक आहे असं सांगेपर्यंत सायकल भिंतीलाच असू द्या, पडून मार बसणं त्या काळात परवडणारं नाही. सुरू करताना आधीच्या निम्म्या वेळावर या, घाट वगळा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना अंग जड वाटलं किंवा विश्रांतीची नाडी नेहमीपेक्षा दहाने जास्त लागली तर तो दिवस सुट्टीचा. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने धरतात, तिथे प्रश्न ७ मधला सोपा गिअर आणि प्रश्न ९ मधले पहिले दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून करा. साध्या सर्दीत, लक्षणं नाका-घशापुरती असतील तर हळू चालवायला हरकत नाही. ताप, छातीत कफ किंवा अंगदुखी असेल तर नाही.